मुनगाक्षरविलास

स्वस्ति श्री. अखिल-रायपूर-मंडलांतर्गत-विपणिफलक-लेखन-धुरंधर, कूर्चिका-चक्रवर्ती, पत्रा-प्लायवूड-शटर-भित्ति-चतुष्टय-विजेता, सदर बाजारातील समस्त सराफांचा नामकरणाचार्य, टर्पेंटाइन-गंध-सहिष्णू, फ्लेक्सयंत्र-पराभूत, तथापि अद्याप-जीवित, श्रीमंत निरंजनपंत पिंपळशेंडे यांची ही खासगी दैनंदिनी. अनधिकृत वाचकास शिक्षेची तरतूद नाही. सौभाग्यवती म्हणतात की हे अक्षर तसेही कोणाला लागत नाही.

११ नोव्हेंबर

आज दूरध्वनीवरून आमचा उत्कर्ष झाला.

पुण्याहून चेतना नामक कन्येने संपर्क साधला. ती संगणकासाठी अक्षरांचे फॉन्ट करणाऱ्या एका कार्यशाळेत नोकरीस आहे. मावसबहिणीच्या लग्नाला रायपूरला आली असता तिने बीरगावच्या नाक्यावर एका चिवडेवाल्याच्या हातगाडीवरची पाटी पाहिली. पाटी वीतभर रुंद आणि मजकूर रामायणाएवढा: ‘राकेश नमकीन भंडार, शुद्ध मूंगफली तेल वाले, हमारी कोई दूसरी शाखा नहीं’. तो सर्व मजकूर मी गेल्या उन्हाळ्यात त्या वीतभरात बसवला होता.

“काका,” ती म्हणाली, “ती अक्षरं गर्दीत चवड्यांवर उभी राहून नाचतायत. मला सगळी वर्णमाला अशीच हवी. उंच, चिंचोळी, खोडकर. शीर्षकांसाठी, पोस्टरांसाठी, मुलांच्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांसाठी.”

फेब्रुवारीअखेर मुदत. सर्व स्वर, व्यंजने, मात्रा, जोडाक्षरे, अंक. कुंचल्याने कागदावर काढायची आणि छायाचित्रे पाठवायची. पुढील यांत्रिक संस्कार ती करील.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदवतो. आयुष्यभर मी रुंद, गरगरीत, तूप पाझरणारी अक्षरे काढली. त्यांच्यासाठी पुण्याहून कोणी फोन केला नाही. गेल्या वर्षभरात ती आपोआप बारीक झाली, थोडी थिरकू लागली, आणि लगेच दिगंत कीर्ती! प्रतिभा उशिरा पिकते, एवढाच याचा अर्थ.

लगोलग चार नमुने काढले. सौभाग्यवती पूर्णिमेने ते कागद दोरीवर वाळताना पाहिले आणि म्हणाली, “मुनग्याच्या शेंगा टांगल्यासारख्या दिसून राहिल्या.” शेवग्याला आमच्या रायपुरात मुनगा म्हणतात. फॉन्टचे बारसे तत्काळ उरकले.

१५ नोव्हेंबर

स्वरांपासून आरंभ. सहा नंबरचा चपटा कुंचला, काळा पोस्टर रंग, खाकी कागद.

‘अ’ जरा लठ्ठ आला. ‘आ’ त्याहून. जुनी सवय उसळी मारते. हाताला दटावावे लागले.

दुपारी स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन करपले. मी तेथेच पाटावर बसलो होतो. पूर्णिमा गच्चीवरून धावत आली.

“अहो, सारी गल्ली जळक्या वासानं भरली! तुमच्या नाकाले काय झालं?”

वास आला नव्हता, हे खरे आहे. चित्त अक्षरात लीन झाले की इंद्रिये विषयांपासून निवृत्त होतात, असे मी तिला समजावले. ती म्हणाली की इंद्रियांनी निवृत्त होण्याआधी गॅस बंद करावा.

आणखी तिची तक्रार अशी की मी चपला घासत चालतो. गजगती हा शब्द तिने ऐकलेला नाही.

२४ नोव्हेंबर

मारोती आला होता. हा माझा जुना जोडीदार. आम्ही दोघे एकाच शिडीवर चढून पाट्या रंगवत असू. फ्लेक्स आल्यावर त्याने शहाणपणा करून फ्लेक्सचेच यंत्र घेतले. मी तत्त्वनिष्ठ राहिलो. तो आता जाड आहे.

त्याने आपला ठेवणीतला किस्सा सांगितला: सिलतऱ्याच्या कारखान्याच्या फाटकावर त्याने ‘प्रवेश निषेध’ रंगवले आणि मग स्वतःच आत अडकला. तीस वर्षे मी या किश्श्याला हसत आलो आहे.

“काहून बे, असा तहसीलदारासारखा काहून पाहून राहिला? हसणं बंद केलं का?”

“मी हसलोच.”

“कुठून हसला? तोंड तर हललंच नाही तुझं.”

मी आतून हसलो होतो. आचार्यपदास पोचलेल्या मनुष्याच्या मुखावर एक प्रकारची स्थिरता येते, असे मी त्याला म्हणालो. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग कागदांकडे पाहिले. मग पूर्णिमेशी स्वयंपाकघरात काही कुजबुजला. मत्सर, दुसरे काय? जुन्या जोडीदाराला पुण्याहून फोन आला की जाड मनुष्यासही टोचते.

७ डिसेंबर

‘श’ ते ‘ज्ञ’ पाठवली. चेतना हर्षोत्फुल्ल.

“काका, शेवटची अक्षरं भन्नाट आहेत! ‘ह’ बघा, पाय घसरतोय तरी तोल सांभाळतोय. आता एकच करा. स्वर पुन्हा काढा, या शेवटच्यांच्या वळणाने. सुरुवातीचा ‘अ’ यांच्यापुढे शेठजी वाटतो.”

पुन्हा काढले. आणि आश्चर्य! दटावण्याची गरजच पडली नाही. रुंद अक्षर काढावे म्हटले तरी हात आता निमुळताच जातो. शिरोरेषेला डावीकडून निघालो की उजवीकडे पोचेपर्यंत ती स्वतःच थोडी खाली झुकते, जणू विनयाने. कडांना बारीक लहर येते. ती कृत्रिमपणे आणायला गेलो असतो तर आली नसती.

आणखी एक लाभ. या दैनंदिनीत पूर्वी एका दिवसाला दोन पाने लागत. आता पाऊण पानात भागते. मुनग्याची काटकसर माझ्या हस्ताक्षरातही उतरली आहे.

१९ डिसेंबर

बँकेने माझी सही नाकारली. काउंटरवरचे पोरगे म्हणाले, “सर, ये आपका साइन नहीं है.” मी म्हणालो, बाळ, ती पूर्वीच्या निरंजनाची, हा उत्तरकालीन. त्याने पुन्हा करायला लावली. तीनदा. तिसरी सर्वांत लहान झाली. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, “चाचा, मच्छर बना रहे हो क्या?”

उजवा खांदा आखडला आहे. थंडी.

८ जानेवारी

वर्णमाला पूर्ण करून सर्व पाठवून दिली. विजयोत्सवाच्या मिषाने मारोतीने मला स्कूटरवर बसवले आणि मिठाईच्या दुकानाऐवजी एका मज्जाविकारतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात नेऊन सोडले. पूर्णिमा तेथे आधीच येऊन बसली होती. हा कट होता.

बाई वयाने माझ्या कन्येएवढ्या. त्यांनी बोटे एकमेकांवर आपटायला लावली. चालवले. वळवले. मागून अचानक खांद्याला धरून ओढले. मग पॅड पुढे सरकवले.

“अंकल, एक लाइन लिखिए. कुछ भी.”

मी लिहिले: रायपुर छत्तीसगढ़ की राजधानी है.

त्यांनी त्या ओळीखालून पेनचे टोक सावकाश फिरवले. ‘रायपुर’ हरभऱ्याएवढे होते. ‘है’ मोहरीएवढे.

“देखिए, लिखते-लिखते छोटा होता जा रहा है. ये कब से है?”

“साल भर से, मॅडम,” मारोती म्हणाला. “मी तर याले म्हणतच होतो...”

“पुण्यात याला शैली म्हणतात,” मी म्हणालो.

बाई हसल्या नाहीत. मग त्यांनी एकेक सांगितले: चेहरा स्थिर होणे, पाय घासणे, खांदा आखडणे, वास न येणे, अक्षर बारीक आणि थरथरते होणे. मी ज्यास योग, गजगती, आचार्यत्व आणि प्रतिभा म्हणत आलो ते सर्व त्यांच्याकडे एकाच यादीत होते. पार्किन्सन. आपल्याकडे यास कंपवात म्हणतात. शब्द उत्तम आहे. भारदस्त, ठसठशीत, मोठ्या फलकावर शोभेल.

पूर्णिमेने फक्त एक प्रश्न विचारला. “हे बरं होते का, मॅडम?”

“कंट्रोल में रहेगा,” बाई म्हणाल्या.

परतताना मारोतीने खरोखरच मिठाईच्या दुकानासमोर स्कूटर थांबवली. कोणी उतरले नाही.

९ जानेवारी

आयुष्यभराच्या रुंद अक्षरांना जे जमले नाही ते एका रोगाने वर्षात करून दाखवले. चेतनेने ज्याला फोन केला तो मी होतो की तो?

तिला सांगितलेले नाही. सांगणारही नाही.

२७ जानेवारी

दिवसातून तीनदा गोळी. चमत्कार आहे, हे मान्य करणे भाग आहे. सदऱ्याच्या गुंड्या स्वतः लावल्या. पूर्णिमा दारात उभी राहून पाहत होती. मी पाहिले तसे तिने पडदा झटकल्याचे सोंग केले. मारोतीने ‘प्रवेश निषेध’चा किस्सा पुन्हा सांगितला आणि मी तोंडासकट हसलो. तेव्हा तो मूर्ख रडू लागला. जाड माणसाचे रडणे फार वेळ चालते.

वास मात्र परतला नाही. तो परतत नाही, असे बाई म्हणाल्या.

४ फेब्रुवारी

चेतनेचा फोन.

“काका, सगळं बसवलं. कमाल झालीय! फक्त ‘ळ’ कुठे आहे?”

मी कागद चाळले. ‘ळ’ नव्हता. मी तो काढलाच नव्हता.

हे पुण्यात कोणाला समजणार नाही. येथल्या पाट्या हिंदी. तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने माझ्याकडे ‘ळ’ मागितला नाही. खुद्द माझ्या दुकानावर, माझ्याच हाताने, मी ‘पिंपलशेंडे’ रंगवले आहे. नाहीतर लोक थांबून विचारत की ये कौन सा अक्षर है. हाताने जी वर्णमाला पाठ केली तीत ते अक्षरच नव्हते. आणि मराठी मुलांच्या पुस्तकावर ‘ळ’ नसेल तर बाळ, फळा, शाळा, सगळेच गेले.

“एकच तर आहे,” ती म्हणाली. “पाच मिनिटांचं काम तुमचं.”

काढला. दोन्ही वाटोळे गोल, शिरोरेषा ताठ सरळ, कडा सुरीने कापल्यासारख्या. निर्दोष अक्षर. इतर मुनग्याच्या शेंगांमध्ये ते असे दिसले की जणू नाचाच्या मांडवात तहसीलदार आला. पुन्हा काढला. पुन्हा तहसीलदार. मुद्दाम लहर दिली, तर तहसीलदार प्यालेला दिसू लागला. सायंकाळपर्यंत फरशीभर तहसीलदार पडले होते.

त्यांतला बरा निवडून पाठवला. तिचा निरोप आला: “छान आहे काका, पण हा त्यांचा भाऊ वाटत नाही.”

खरे आहे. तो गोळीचा मुलगा आहे.

६ फेब्रुवारी

पूर्वीचे ऋषी वर मिळवण्यासाठी अन्न सोडत. मी गोळी सोडली आहे. एका अक्षरापुरती. पूर्णिमा पाण्याचा पेला देते तेव्हा गोळी जिभेखाली ठेवतो, नंतर मोरीत.

हे योग्य नाही, हे मला कळते. परंतु ज्या एकाच कामासाठी कोणी मला दुरून शोधत आले, त्यात एक भोक ठेवून मी जाऊ? तेही माझ्या स्वतःच्या आडनावाच्या मध्यावर?

जुना हात दोन-तीन दिवसांत परत येईल. ‘ळ’ काढीन, गोळी घेईन, कोणास कळणारही नाही.

९ फेब्रुवारी

हात आला. पण हा तो नव्हे.

नोव्हेंबरातला हात थिरकत असे. हा हादरतो. कुंचला कागदावर टेकवायच्या आधीच रंग सांडतो. ‘ळ’चा पहिला गोल घेतला तो उकळत्या भाताच्या झाकणासारखा उडत राहिला, दुसरा झालाच नाही. जे कागदावर उमटले त्यात खोडी नव्हती, नाच नव्हता. नुसते वाईट अक्षर होते. तसे वाईट अक्षर कोणताही आजारी मनुष्य काढतो.

मला वाटले होते, गोळी ही पडदा आहे आणि मागे तो हात तसाच बसून आहे. परंतु रोग गेले तीन महिने काही स्वस्थ बसला नव्हता. ज्याला बोलावले तो आला नाही. त्याच्या मागे उभा असलेला आला.

गोळी घेतली तर तहसीलदार. न घेतली तर हे. मुनगा ज्याने काढला तो हात आता दोन्हीकडे नाही.

उद्या सकाळी एकदा अखेरचा प्रयत्न.

१२ फेब्रुवारी

‘मी सांगतो तसे मारोतीच्या दुकानातले पोरगे लिहीत आहे’, असे येथे लिहायला हवे होते. परंतु आमच्याकडे असा लेखनिक नाही. मीच लिहीत आहे. तीन ओळींना अर्धी सकाळ गेली.

परवा न्हाणीघराच्या उंबरठ्यावर पाय फरशीला चिकटले आणि धड पुढे निघून गेले. भुवईवर टाके पडले. मारोतीने स्कूटरवर आपल्या आणि पूर्णिमेच्या मध्ये मला चेपून दवाखान्यात नेले. बाई एवढेच म्हणाल्या, “अंकल, ये दवा ऐसे अचानक नहीं छोड़ते. जान जा सकती थी.” सांगितल्यावाचून त्यांना कळले होते.

घरी आल्यावर पूर्णिमा खाटेच्या पायथ्याशी बसली.

“गोळ्या सोडल्या होत्या ना तुम्ही?”

मी भुवईवरची पट्टी सारखी केली.

“तीन दिवसापासून चपला घासल्याचा आवाज ऐकून राहिली होती मी. म्हटलं, आज सांगतील. उद्या सांगतील.”

“मग विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं तर तुम्ही संस्कृतात उत्तर दिलं असतं.”

 

ती रडली नाही. उठून खोलीत गेली आणि फरशीवरचे सगळे ‘ळ’ गोळा केले, चांगले आणि वाईट, आणि एकावर एक ठेवून वर वरवंटा ठेवला. मग माझ्या फोनवरून चेतनेला फोन लावला. मला खाटेवरून एकच बाजू ऐकू येत होती.

“मी निरंजनकाकांची मिसेस बोलून राहिली. बाई, तुमचं अक्षर येणार नाही आता... नाही, रागावले नाहीत. बिमारी आहे. पार्किन्सन... हो. तेव्हापासूनच. ते नाचतात ना अक्षरं, ते त्याच्यानंच... नाही बाई, तुमची काही चूक नाही. तुम्हाले कसं माहीत असणार? आम्हाले घरात राहून नव्हतं माहीत.”

मग बराच वेळ ती नुसती “हव, हव” म्हणत राहिली.

२६ फेब्रुवारी

मुनगा सिद्ध झाला. चेतनेने नमुन्याचे पान पाठवले. ‘शाळा सुटली’, ‘मांजर पळाले’, ‘भोपळ्यात बसून पळणारी म्हातारी’, असले आनंदी मजकूर. तळाशी अक्षरकाराचे नाव: निरंजन पिंपळशेंडे. ‘ळ’सकट.

तो कोठून आला, म्हणून मी फोन केला. ती जरा अडखळत बोलली.

“काका, तुम्ही पाठवलेलाच आहे. तो सरळवाला. मी फक्त चिंचोळा करून थोडा वाकवला. आणि... कमांड असते एक. कडा किती थरथरायला हव्यात ते टक्क्यांत सांगायचं. लगेच होतं.”

“किती सांगितलेस?”

“बारा.”

“माझी बाकीची अक्षरे किती टक्के भरली?”

पुण्यातल्या त्या खोलीत कोणीतरी हसत होते, कोणाचा तरी चहा आला होता. ते सगळे ऐकू येत होते.

“ती मी मोजली नाहीत, काका,” ती अखेर म्हणाली.

ठळक आवृत्ती करण्याची कार्यशाळेची इच्छा आहे. ती करणार यंत्रच; मला फक्त संमती द्यायची होती. दिली. सहीचा कागद मारोती छापून घेऊन आला. मी सही केली. गोळीचा असर उतरत आला होता; हरभरा ते मोहरी. पुण्याच्या लोकांनी ती विनातक्रार स्वीकारली, बँकेपेक्षा उदार माणसे.

दुपारी भिंग घेऊन माझे नाव पुन्हा पाहिले. ‘ळ’ आपल्या जागी उभा आहे. बारा टक्के. शेजारच्या अक्षरांना संशय आलेला दिसत नाही. मी बराच वेळ पाहिले आणि शेवटी मलाही आला नाही. भिंग ठेवून दिले. कुंचले धुऊन, पुसून, मारोतीला दिले. तो नको नको म्हणत होता. मी म्हणालो, यंत्राची धूळ झाडायला वापर. तो ते खिशात उभे धरून, फार हळू, जिना उतरला.

असो. एक गोष्ट मात्र नमूद करणे प्राप्त आहे. गोळी पूर्णिमा स्वतःच्या हाताने देते आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावते. त्यास माझा आक्षेप नाही. परंतु गोळीनंतर अर्धा तास अन्न वर्ज्य आहे, आणि ती पोहे गोळीच्या आधीच करून ठेवते. कारण नंतर नळ येतो व तिला सवड नसते. गोळी आधी दे म्हटले तर म्हणते, पोहे परतताना तुमचं तोंड कोण पाहील? परिणामी रोज सकाळी पोहे माझ्यासमोर अर्धा तास थंड होत बसतात. झाकण ठेवले तर घामेजून गिच्च होतात, न ठेवले तर वरचे पापड होतात, आणि शेंगदाणे दोन्ही प्रकारांत मऊच.